पाय गार पडलेत

आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलं. जुन्या गावात घराला घर खेटून होतं, गल्लीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागायचं. नव्या गावात रस्ते ऐसपैस, घरं लांब लांब, सगळं मोकळं. जुनी माणसं म्हणतात, नव्या गावात सगळं मिळालं, आडोसा तेवढा राहून गेला. दिवाळी सरली की उत्तरेकडचं वारं कुणाला न विचारता गावात शिरतं आणि थेट आमच्या ओसरीवर येतं.

मला थंडीचा राग नाही. थंडीत भूक लागते, ज्वारी निसवते, हरभऱ्याला घाटे धरतात. राग येतो तो थंडीत माणसं जशी वागतात त्याचा. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, वर शाल आणि खाली पाय उघडे, हा आमच्याकडच्या पुरुषांचा हिवाळ्यातला पोशाख. बायकांची तऱ्हा त्याहून न्यारी. टाचेला बोट जाईल एवढी भेग पडली, तिच्यातून रक्त आलं, तरी 'दरसालचंच आहे' म्हणून तशाच पायांनी गार पाण्यात धुणं धूत उभं राहायचं. ओठ उलले की जिभेनं चाटायचे, म्हणजे ते आणखी उलतात. हे सगळं मला कळतं आणि मीही तेच करते, म्हणून राग जास्त येतो.

आमचे हे शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणतं, आणि हेही गावाला अजून विद्यार्थीच समजतात. साखरेचा आजार त्यांना जुना. मी म्हणते, यांची सगळी साखर रक्तात उतरली, जिभेवर काही राहिलीच नाही. हे ऐकून ते हसत नाहीत, पण चारचौघांत तोच विनोद स्वतःचा म्हणून सांगतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक नवीन पालुपद धरलं. सकाळी उठले की पहिलं वाक्य, "पाय गार पडलेत." मला ते ऐकवायचं नाही. आमच्याकडं पाय गार पडणं हे शेवटच्या घटकेचं बोलणं आहे. "सकाळच्या पारी अभद्र बोलू नका," मी म्हणायचे. "थंडी वाजतीय म्हणा." त्यावर हे म्हणायचे, "थंडी वाजत न्हाय. पायच गार पडलेत. बर्फावर ठेवल्यागत."

मग सगळं घर त्यांच्या पायांच्या मागं लागलं. मुलानं उमरग्याहून लोकरीचे मोजे आणले. ते पुरेनात म्हणून मी त्यावर आणखी एक जोड चढवला. निजायच्या आधी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि त्यांच्या पायथ्याला ठेवायची, हे काम माझ्याकडं होतं. संध्याकाळी घमेल्यात कढत पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि त्यात त्यांचे पाय. पाण्यातून वाफ निघायची. मी बोट बुडवून हात झटक्यानं मागं घ्यायचे आणि हे पाय टाकून निवांत पेपर वाचायचे. "केवढं सोसतंय यांना," असं मला वाटायचं. थोडा अभिमानही वाटायचा, आता खोटं कशाला बोलू. माहेरी मी फोनवर सांगितलं होतं की यांचं अंग अजून कणखर आहे.

सकाळची शेकोटी हा त्यांचा खरा जीव. शेजारी एक चाचा राहतात, पूर्वी बसवर ड्रायव्हर होते. ते आणि हे मिळून आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये तुराट्या पेटवतात. रोज तेच दोघं, तोच जाळ आणि तेच भांडण. कुणाचं राज्य चांगलं, कुणाच्या काळात रस्ते झाले, निजामाच्या वेळी खरंच काय होतं आणि काय नव्हतं. चाचा जाळापासून हातभर लांब बसायचे. हे मात्र मोजे काढून, चपलेत उघडे पाय घालून, पार जाळाला भिडायचे. मोज्यातून धग लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी मी अंगणात दाणे पाखडत होते. हे हात वर करून चाचांना काहीतरी पटवून देत होते. चाचांनी नाक वर करून हवेत वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, कायतरी जळालंय."

"विषय बदलू नका," हे म्हणाले.

"विषय न्हाय बदलत. तुमची चप्पल जळालीय. पाय घ्या मागं."

मी वळून पाहिलं. डाव्या चपलेची कड मऊ होऊन वितळत होती, तिच्यातून काळा धूर निघत होता, आणि यांचा पाय तिच्यात तसाच होता. यांनी खाली पाहिलं. तोंडावर दुखल्याची एक रेघसुद्धा नव्हती. दुसऱ्याचाच पाय बघावा तसे ते बघत राहिले.

चाचांनी त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं. मी सूप टाकून घरात धावले आणि टूथपेस्ट घेऊन आले. आमच्याकडं भाजलं की टूथपेस्ट, नाहीतर हळद, नाहीतर बटाटा, ज्याच्या हाताला जे लागेल ते. सून तिकडून लेकराला कडेवर घेऊन आली आणि तिनं माझा हात धरला. "आत्या, ते लावू नका. आधी पाणी. नुसतं पाणी." लेकरू माझ्याकडं देऊन तिनं घागर उचलली आणि बारीक धारेनं पायावर पाणी सोडलं. घागर संपली की दुसरी. चप्पल ओढून काढू दिली नाही. पाय पुरता निवल्यावर कात्रीनं पट्टा कापला आणि मग चप्पल अलगद सोडवली. करंगळीपासून तळव्यापर्यंत मोठा फोड आला होता. तोही फोडू दिला नाही, धुतलेलं सुती फडकं सैल गुंडाळलं.

मग हे म्हणाले, "काय न्हाय झालं. दुखत न्हाय अजिबात." मला बरं वाटलं. सुनेला मात्र वाटलं नाही. ती खाली बसली, त्यांचा चांगला असलेला उजवा पाय तिनं हातात घेतला आणि विचारलं, "मामा, ह्यो पाय गार हाय का?"

"गारच हाय. कधीचा सांगतोय."

सुनेनं माझा हात ओढून त्या पायावर ठेवला. पाय ऊन होता. माझ्या हातापेक्षा ऊन. दिवाळीपासून मी त्या पायांवर मोजे चढवत होते, त्यांना विटेचा शेक देत होते, पण मोज्याच्या आत हात घालून पाय खरंच गार आहे का, हे बघायचं एकदाही सुचलं नव्हतं. पाय गार पडलेत असं ज्याचे पाय तोच म्हणतोय, तर त्यात बघायचं काय? मला हसू आलं, आणि लगेच मी मुलाला हाक मारली.

मुलानं गाडी काढली आणि आम्ही उमरग्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलाएवढ्या. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, पट्टी केली. मग कापसाची एक वात केली आणि म्हणाल्या, "गुरुजी, डोळे मिटा. मी पायाला कापूस लावीन. लागला की 'लागला' म्हणा."

यांनी डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याला कापूस टेकवला. हे गप्प. मधल्या बोटाला टेकवला. गप्प. मग बाईंनी हात उचलून तसाच हवेत धरला, आणि हे म्हणाले, "लागला." थोडं थांबून परत म्हणाले, "लागला." पायाला काहीच लागलेलं नव्हतं. परीक्षेत कुणी नुसती मान वळवली तरी ज्यांना दिसायचं, ते आमचे गुरुजी अंदाजानं उत्तरं देत होते. मी भिंतीकडं बघितलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे उघडायला सांगितले आणि समजावलं. पाय गार नव्हतेच. साखरेनं पायाच्या नसा मंदावल्या होत्या आणि त्या नसा खोटा निरोप धाडत होत्या. म्हणून आतून गार वाटायचं, आणि वरून निखारा ठेवला तरी कळायचं नाही. अशा पायाला शेक म्हणजे वैरीच. वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको, शेकोटीजवळ पाय नको. थंडी वाजली तर अंगात घाला, कान झाका, पायात सैल सुती मोजे घाला. पाय धुवायचे ते कोमट पाण्यानं, आणि ते पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपरानं बघायचं. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या. रोज दोन्ही तळवे बघायचे. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा-काटा बघायचा.

"आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "ही जखम चिघळली तर करंगळी काढावी लागेल. तिथंच थांबेल असंही सांगता येत नाही."

यांनी एवढंच विचारलं, "येळवशीला?"

बाई इकडच्याच असाव्यात. "येळवशीलाही," त्या म्हणाल्या.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या या मुलखात, कर्नाटकाच्या शिवेपर्यंत, त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि आंबील, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा. नंतर घरातला कर्ता माणूस आंबिलाचं मडकं घेऊन पिकातून फिरतो, कानडीतून आलेला एक घोष करतो आणि आंबील शिंपतो. त्या घोषाचा नेमका अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही. हे मास्तर असून यांनाही येत नाही, आणि ते यांना फार लागतं. शिंपायला जायचं ते अनवाणी. भरल्या पिकात त्या दिवशी पायताण नाही. सासरे गेल्यापासून आमच्या रानात हे शिंपत आले. नोकरीत बदली कुठंही असो, येळवशीला घरी. आयुष्यात त्यांनी कशासाठी एवढा हट्ट केलेला मी पाहिला नाही.

परतताना गाडीत हे म्हणाले, "तवर जखम भरली तर?"

"भरू तर द्या," मी म्हणाले. मला त्या घडीला त्यांच्या करंगळीशिवाय काही सुचत नव्हतं. करंगळी ती केवढीशी, पण ती गेली की मागोमाग काय काय जातं हे मी माहेरी एका चुलत्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन नेम सुरू झाला. ऊन ओसरीवर आलं की हे खुर्चीत बसायचे आणि मी खाली पाट घेऊन. घमेल्यात पाणी. सून लेकराला न्हाऊ घालताना आधी कोपर बुडवते, तसं मीही बुडवायचे. पहिल्या दिवशी मी त्यांचा पाय मांडीवर घेतला तर हे इकडं तिकडं बघायला लागले. रस्ता रुंद, आडोसा नाही, येणारा जाणारा बघणार. "आत बसू," म्हणाले.

"आत अंधार असतो. लग्नात चारशे माणसांसमोर मी पाया पडले तेव्हा लाजला नाहीत," मी म्हणाले.

मी बेचक्या पुसायचे, मलम लावायचे, पट्टी बदलायचे, दुसऱ्या पायाचा तळवा उन्हात धरून बघायचे. खरं सांगते, एवढी वर्षं संसार केला, पण या माणसाचे पाय मी कधी पाहिलेच नव्हते. डाव्या घोट्याजवळ जुना वण होता. विचारलं तर म्हणाले, लहानपणी विळा लागला होता. मग विळ्याची गोष्ट निघाली, त्यातून त्यांच्या आईची निघाली, पाणी निवून गेलं तरी गोष्ट संपेना. चाचा मधूनच यायचे, लांब बसायचे आणि विचारायचे, "गुरुजींच्या पायाचा निकाल काय?" मी म्हणायचे, "काठावर पास." शेकोटी आता चाचांच्या अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली होती. यांना खुर्ची, कानटोपी, अंगावर वाकळ आणि जाळापासून चांगलं लांब अंतर. भांडण तेवढं होतं तसंच राहिलं, फक्त ओरडून करावं लागायचं.

एके दिवशी पट्टी बांधून मी उठायला लागले तर हे म्हणाले, "थांब. तुझे बघू."

"माझे काय बघायचेत?"

"पाय."

मी नको नको म्हणत होते, पण मास्तरपुढं कुणाचं चालतं. त्यांनी चष्मा लावला. माझ्या टाचेच्या एका भेगेवरून बोट फिरवलं. "हे काय गं," मग म्हणाले, "काळ्या रानाला उन्हाळ्यात पडत न्हाईत एवढ्या भेगा." त्यांनी सुनेकडून खोबरेल तेलात मेण विरघळवून घेतलं, निवू दिलं, आणि रोज माझे पाय भिजवून, पुसून त्या भेगांत भरायला लागले. वरून त्यांचेच जुने सुती मोजे घालायला लावायचे. यांच्या हातात जोर फार, हलकेपणा कमी. तरी मी तक्रार केली नाही. मला ते दिवस फार आवडले. हे मी कुणाला बोलले नाही, कारण नवऱ्याचा पाय भाजला म्हणून बायको सुखात आहे हे सांगायचं तरी कसं?

जखम सावकाश भरत होती. पांढरट कडा गुलाबी झाल्या. येळवशीच्या आदल्या दिवशी बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, करंगळी वाचली. नवी कातडी कागदासारखी पातळ होती. बाईंनी बोट उगारून परत एकदा 'बूट' एवढंच म्हटलं.

येळवशीला आम्ही लवकर निघालो, कारण जेवायला पाहुणे यायचे होते. मुलानं गाडी बांधाला लावली. मी भज्जी, उंडे उतरवले, सुनेनं कोपीत दगड मांडले. हे कोपीच्या बाहेर उभे राहूनच पाया पडले. नैवेद्य झाला. आंबिलाचं मडकं यांनी हातात घेतलं आणि पिकाच्या कडेला गेले. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, मधल्या पट्ट्यात हरभरा. तिथं उभं राहून यांनी वाकून बुटाची एक नाडी सोडली.

मी बोलले नाही. मुलगा गाडीचं काहीतरी बघायला लागला. मला ओरडावंसं वाटत होतं, एवढे दिवस मांडीवर घेऊन जपलेला पाय होता तो. पण रान यांचं होतं, नेम यांचा होता आणि पायही शेवटी यांचाच होता. ओरडले असते तर त्यांनी नक्की बूट काढला असता, एवढं मी त्यांना ओळखते. हे बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी नाडी परत बांधली. मास्तरी गाठ, दुहेरी.

"ये इकडं," ते मला म्हणाले आणि मडकं माझ्यापुढं धरलं. "आज तू शिंप."

आमच्या घरात हे काम बायकांनी कधी केलेलं नाही. मी मुलाकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. मी चपला बांधावर काढल्या, मडकं कडेवर घेतलं आणि ज्वारीत शिरले. मागून यांनी घोष सुरू केला, शाळेत प्रार्थना सांगायचे त्या आवाजात. मला तो पाठ होता, पण तोंडानं कधी म्हटलेला नव्हता. पहिल्यांदा लाजत म्हटला, मग मोठ्यानं.

ऊन अजून ज्वारीच्या ताटांतून खाली उतरलं नव्हतं. जमीन गार होती, ओलीही होती, कारण मुलानं दोन दिवसांआधी पाणी दिलं होतं. ढेकळं पायाखाली फुटत होती. हरभऱ्याच्या पट्ट्यात गेले तशी पानांवरची आंबट ओल, आंब, पायांना लागली आणि टाचेत जी एखादी भेग भरायची राहिली होती तिथं झोंबली. मला एकदम कळलं की यातलं काहीच यांना आता कधी कळणार नाही. बूट काढून आले असते तरी कळलं नसतं. मी मडकं धरून तिथंच उभी राहिले.

बांधावरून यांचा आवाज आला. "का थांबलीस?"

"काय न्हाय."

"जमीन कशी लागतीय?"

मी पायाची बोटं ओल्या मातीत रुतवली. मग मी म्हणाले, "गार."

"लई?"

"लई गार. इथं ओल हाय. आंब झोंबतीय टाचंला."

पलीकडच्या रानातले घोष ऐकू येत होते, सगळ्या शिवारातून येत होते.

"मग घाई करू नको," ते म्हणाले. "सावकाश शिंप. आणि सांगत राहा."